मागचे काका, निळा गट

खरं सांगते, मागच्या काकांनी आयुष्यात एक शर्ट जाळला नाही. जाळतील कुठून? जन्मालाच आलेले नाहीत ते.

आमचं कपडे धुलाईचं दुकान. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे आम्ही तिघं. मी इस्त्रीवर, धुलाईवाला मशिनीवर, रफूवाली खिडकीपाशी. काउंटरवर बसतो त्याला आम्ही गोडबोल्या म्हणतो. बावीस वर्षांपूर्वी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाची कॉलर करपली, तेव्हा यानेच बेधडक ठोकून दिलं, "मागच्या काकांकडून झालं हो. वय झालंय त्यांचं." गिऱ्हाईक विरघळलं. तेव्हापासून बटण तुटो, डाग राहो, पँट हरवो, काका आहेतच.

गेल्या महिन्यात मालकांनी गुडघ्यांपायी अंथरूण धरलं आणि त्यांची लेक दुकान बघायला आली. कसलासा कोर्स करून आलेली. आल्या आल्या तिने आम्हाला वीस-वीस प्रश्नांचे कागद दिले. म्हणे माणसांचे चार गट असतात, लाल, पिवळा, हिरवा, निळा. आम्ही चौघं, कागद पाच.

"ताई, एक जास्त..." धुलाईवाला तोंड उघडतोय तोच मी त्याच्या पायावर पाय दिला. तक्रारवही ताईंच्या काखेत होती, आणि तिच्यात एकेचाळीस ठिकाणी 'चूक: मागचे काका' असं लिहिलेलं होतं.

"काकांना बरं नाहीये, सध्या घरीच आहेत," मी म्हटलं. "त्यांचा कागद मी भरून आणते."

जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून बसलो. राग लवकर येतो का? धुलाईवाला म्हणाला, येतो. रफूवाली खवळली, "माझ्या काकांना तापट म्हणायचं काम नाही!" गोडबोल्याचं वेगळंच. "कमी ऐकू येतं असं लिहा, दहा वर्षं लोकांना तेच सांगतोय मी." एका उशिरा दिलेल्या ब्लँकेटपायी मी काकांना मधुमेह लावला होता, तोही आला. शेवटी जमलं एकदाचं. कमी बोलतात, मागे बसतात, उलट उत्तर देत नाहीत, चहा बिनसाखरेचा घेतात.

"किती सोसलं हो त्यांनी," रफूवालीने डोळ्याला पदर लावला.

"अगं बाई, नाहीयेत ते!" मी ओरडले.

दुसऱ्या दिवशी निकाल. मी लाल निघाले, म्हणजे भांडकुदळ. त्याला वीस प्रश्न कशाला हवेत, माझ्या सासूने एका वाक्यात सांगितलं असतं. काकांचा कागद मात्र ताईंनी दोनदा वाचला.

"निळा गट. अंतर्मुख," त्या म्हणाल्या. "असा माणूस एकेचाळीस चुका करूच शकत नाही. हा दुसऱ्यांच्या चुका अंगावर घेणारा स्वभाव आहे. कुणीतरी या गरिबावर ढकलतंय. शनिवारी मी एकेक तक्रार तपासणार. ज्याच्या चुका जास्त, त्याला घरी बसवणार."

एकेचाळीसपैकी सतरा माझ्या होत्या. या वयात मला दुसरं कोण इस्त्री हातात देणार? दोन दिवस घास उतरला नाही. झक मारली आणि तो कागद इतका मन लावून भरला.

शनिवारी सकाळी ताई वही उघडणार, एवढ्यात एक वकीलबाई आल्या आणि त्यांनी आपला लोकरी कोट काउंटरवर आपटला. तो ताईंनीच धुतला होता. काम समजून घ्यायचंय म्हणून गुरुवारी मशीन स्वतः लावली आणि कोट गरम पाण्यात घातला. बाह्या आता कोपरापर्यंत.

"कुणी केला हा पराक्रम?"

ताईंचे कान लाल झाले, ओठ थरथरायला लागले. मी पडद्याशी उभी. 'ताईंनी' एवढा एक शब्द बोलले असते तर माझी सुटका होती, आणि जिभेवर आलाही होता. पण पोरगी अगदी रडायला आली होती हो. माझ्याच्याने बघवेना.

"मागच्या काकांनी," मी म्हटलं.

"मग बोलवा त्यांना!"

मेले! बावीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. गोडबोल्यासुद्धा उगाच पावत्या मोजायला लागला.

तेवढ्यात ताईंनी खणातून तो कागद काढून पुढे सरकवला. "ते बाहेर येत नाहीत. अंतर्मुख आहेत. निळा गट."

वकीलबाईंनी वीसच्या वीस उत्तरं वाचली. चष्मा काढला, पुसला. "कोटाचे पैसे भरून द्या," त्या हळूच म्हणाल्या, "पण त्यांना बोलू नका हं काही."

त्या गेल्या. ताईंनी वही उघडली, बेचाळिसाव्या ओळीत 'चूक: मागचे काका' लिहिलं आणि वही मिटून खणात टाकली. मग पडदा सारून मागे आल्या. आमच्याकडे बघितलं, मशिनीकडे बघितलं.

"मावशी, काका कुठे बसतात?"

रफूवालीने कोपऱ्यातल्या स्टुलावरचे कपडे उचलले आणि पदराने ते पुसलं. ताई त्यावर बसल्या.

"चहा मिळतो का इथे काकांना?"

"मिळतो की," मी म्हटलं, "पण बिनसाखरेचा."