एक सनई, तीन तबकड्या

"कोनाचा इस्वास नाही बसनार, पन भुसावळकडून येनारी पॅसेंजर म्या ह्या सनईनं थांबोली होती," खाटेवर मांडी ठोकून उकंडराव म्हणाले. "ठेसनाजवळ लगन होतं. निंबावर भोंगा टांगला, रेकार्ड लावली. सिग्नल हिरवागार, पन ड्रायव्हर गाडी उभी करून आयकत बसला. रेकार्ड संपली, मंग त्यानं शिटी मारली."

"मांगच्या खेपेले थे मालगाडी होती," अब्दुल गनी म्हणाला. गनी म्हणजे शेजारचा पिंजारी. कापसाचे दिवस असल्यामुळे त्याच्या भुवयांनासुद्धा पिंजलेली रुई चिकटलेली होती.

"मालगाडी दुसऱ्या लग्नात बे."

सत्यभामाबाईंनी चहाचे कप असे आपटले की बशा नाचल्या. गाडी थांबली असेल नाहीतर नसेल, त्यांच्या घरात जे थांबलं होतं ते काही केल्या हलत नव्हतं. पुढच्या खोलीतलं ते कपाट! त्यात रेकॉर्डींची चळत, त्या वाजवायचं जुनं यंत्र, दोन भोंगे, एक अँप्लिफायर. नांदुऱ्यातलं आणि आसपासच्या खेड्यांतलं लग्न म्हटलं की उकंडरावांचा भोंगा, असा एक काळ होता. मग डीजे आले, भिंतीएवढ्या पेट्या आल्या आणि भोंगा कपाटात गेला, तो गेलाच. बाईंच्या गुडघ्यांना माडीचा जिना झेपेना. कपाट निघालं तर त्या जागी पलंग येईल, एवढंच त्यांचं मागणं. स्वयंपाकघरातून सांगून झालं, जिन्यावरून सांगून झालं, भाकरी थापता थापता सांगून झालं. हा माणूस हूं की चूं करत नसे. पाठ करून बसलेल्या भिंतीशी संसार चाललाय, असं त्यांना वाटे.

आता पुण्याहून मुलगा आला होता, हर्षल. येताना जुन्या बाजारातून घेतलेलं एक यंत्र, घरातल्याच एका सनईच्या रेकॉर्डीची सीडी आणि तीच सनई असलेली एक नव्या प्रकारची चकचकीत डिस्क घेऊन आला होता. रेकॉर्डी पुण्याला न्यायच्या, कपाट मोडीत काढायचं, असं मायलेकांचं ठरलेलं. पण त्यानं त्या डिस्कचं कौतुक सुरू केलं आणि बाप पेटला.

"बाबा, इकडे पाहा," हर्षल समोर बसून समजावू लागला. "सीडीत आवाज सलग नसतो. सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा मोजून ठेवलेला असतो. या डिस्कमध्ये त्याच्या कितीतरी पट बारीक मोजलाय."

"मंजे शेवया," गनी म्हणाला. "सीडीच्या जाड, हिच्या बारीक."

"अन् रेकार्डीत कापाकापीच नाही," उकंडराव गरजले. "तिच्यात आवाजाची नाली खोदेल असते. सुई त्या नालीतून चालते, जसं पाटातून पानी. तुह्या शेवया तुले लखलाभ!"

"पण सुई घासते ना बाबा. खरखर येते."

"खरखर नाही थे, लग्नातली मान्सं हायत. डोळे बांध माह्ये. एकच सनई तिन्हीवर लाव. पायजे तं एकच दोनदा लाव. कोनती कोनती हाय थे सांगतो. चुकलो तं कपाट घेऊन जाय. नाही चुकलो तं पुन्हा कपाटाचं नाव काढाचं नाही कोनी."

बाईंना पलंग डोळ्यांसमोर दिसायला लागला. "लाव रे," त्या म्हणाल्या. "होऊन जाऊ दे एकदाचं."

गनीनं आपल्या रुमालानं उकंडरावांचे डोळे आवळून बांधले. एकाच सनईची रेकॉर्ड कपाटातून निघाली, सीडी आणि डिस्क हर्षलच्या पिशवीतून; दोन्ही यंत्रं खाटेलगतच्या टेबलावर मांडली.

पहिल्यांदा त्यानं रेकॉर्ड लावली. खरखर करत सनई उठली. उकंडरावांनी एक पाय खाटेखाली सोडला आणि लगेच सांगितलं, "रेकार्ड!"

दुसऱ्यांदा सीडी. या वेळी स्वारी बराच वेळ घुटमळली. मग म्हणाले, "सीडी. कोरडी हाय. वाजवनाऱ्याले कोनी पानी नाही विचारलं."

"वल्ला!" गनीनं मांडीवर थाप मारली.

पण सत्यभामाबाईंची नजर खाली गेली होती. सोडलेल्या पायाचा अंगठा टेबलाच्या पायाला टेकलेला! रेकॉर्ड फिरवणारी जुनी मोटर सगळं टेबल थरथरवते, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं? चोर आहे चोर!

"पाय काढा," त्या म्हणाल्या. "अवो, पाय काढा तो. आयकू येते का?"

पाय जागचा हलेना. बाईंच्या मस्तकाची शीर उठली. चारचौघांतसुद्धा हा माणूस आपल्याला मोजत नाही! त्यांनी वाकून पाय धरला आणि खाटेवर भिरकावला.

"कोन बे?" उकंडराव दचकले. "गनी, गुदगुल्या नको करू, डाव चालू हाय."

हर्षलनं नवी डिस्क घातली आणि बटण दाबलं. यंत्र जरासं घुरघुरलं आणि त्याचा दिवा विझला. टेबलावरच्या सगळ्याच यंत्रांचे दिवे विझले. लाइट गेली होती. कोणी काही बोललं नाही. नांदुऱ्यात लाइट गेल्यावर काय बोलायचं?

उकंडरावांनी मान कलती केली. ओठ आवळले. मांडीवर बोटांनी ठेका धरला.

"वा!" ते म्हणाले. "ही नवी डिस्क. मानलं बेटा तुले. सनईवाल्याचा श्वास आयकू येऊन राह्यला. मांगं कोनीतरी अक्षता सांडल्या पाह्य. एकेक दाना येगळा."

हर्षलनं आईकडे पाहिलं. "बाबा," तो म्हणाला. मग जोरात, "बाबा!"

ठेका चालू राहिला. वर एक हलकी तानही उकंडरावांनी आपल्या हातानं हवेत काढली.

सत्यभामाबाई उभ्या राहिल्या जागी. स्वयंपाकघरातून सांगितलेलं, जिन्यावरून सांगितलेलं, पाठीमागून सांगितलेलं सगळं त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं. जन्मभर भोंग्याखाली बसलेला माणूस. आणि बडबड एवढी अखंड, की दुसऱ्याला बोलायला जागाच ठेवायची नाही. बोलणाऱ्याला कशाला ऐकावं लागतं!

हर्षल पुढे सरकला. त्याला त्यांनी हातानं थोपवलं. गुडघे कडकड वाजले तरी खाटेपुढे खाली बसल्या, रुमालाची गाठ सोडली. दारातल्या उजेडानं मिचमिचलेले डोळे आपल्या तोंडावर येऊन ठरेपर्यंत थांबल्या. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "बरोबर ओळखलं. कपाट राहू द्या."

"मंग!" उकंडरावांची छाती फुगली. "कान हायत का मजाक!"

त्यांच्या पाठीमागून गनी बोलला. चांगला मोठ्यानं बोलला.

"काहाचं बरोबर, वैनी? लाइन गेली होती. काहीच वाजून नव्हतं राह्यलं."

उकंडराव बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिले, ती आणखी काही म्हणते का म्हणून.