रोसेनचे डाग

भडका उठला आणि अख्खं कुरण गुडघ्यांवर आलं.

वारा पडला होता. संध्याकाळ भट्टीच्या तोंडासारखी तापलेली. रोसेनचं एक उंच झुडूप गुलाबी फुलांसकट क्षणभर ज्वाळेत न्हालं, ज्वाळा विझली, आणि एकही पाकळी करपली नव्हती. ग्लोगोवदोल गावच्या बायका भराभर छातीवर क्रूस काढू लागल्या.

"आल्या!" गावाला कौल सांगणाऱ्या लाझो आजोबांनी हात आभाळाकडे उंचावले. हातांत कोपरापर्यंतचे कातडी मोजे होते. "समोदिवा आल्या, रानातल्या पऱ्या! पांढऱ्या झग्यांच्या, सोनेरी केसांच्या, दूध आटवणाऱ्या, वासरं लपवणाऱ्या, घोड्याच्या आयाळीला गाठी मारणाऱ्या! हसताहेत बघा. येतंय का ऐकू?"

"येतंय, येतंय!" सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो पेन्को म्हातारा. तो ठार बहिरा होता.

डॉक्टर नेवेना कडेला उभी होती. तिने ना क्रूस काढला, ना गुडघे टेकले. आजोबांच्या बाहीतून निघून पुन्हा बाहीतच गडप झालेली पेटती काडी तिने पाहिली होती.

"कुणाच्या तरी पायी गावाच्या गायी आटल्यात," आजोबांचा आवाज खाली आला. "उद्या स्पासोवचा सण. भर दुपारी समोदिवा तिला डाग देतील." त्यांचं बोट फिरत फिरत एका तरुण विधवेवर थांबलं. "त्सोन्का, तू ये."

त्सोन्का पांढरीफटक पडली. शेजारणी तिच्यापासून हात हात दूर सरकल्या. असंच सरकणं नेवेनाच्या धाकट्या बहिणीच्या, दोन्काच्या वाट्याला आलं होतं.

दोन्का गावप्रमुख ग्रोझ्दानकडे कामाला होती. त्याच्या घरातली कमरपट्ट्याची चांदीचा चाप हरवला. लाझोने दोन्काच्या हातावर रोसेन चोळलं, तिला उन्हात उभं केलं, आणि दोन दिवसांनी तिच्या हातावर पाणी भरलेले फोड आले. चोर ठरली पोर! जिला अंगाखांद्यावर खेळवलं, तिला त्याच बायकांनी वेशीबाहेर हुसकलं. त्या हिवाळ्यात पाणचक्कीच्या पडवीत खोकून खोकून ती गेली. नेवेना तेव्हा सोफियात डॉक्टरकी शिकत होती. तिला कळलं तेव्हा थडग्यावर गवत आलं होतं.

पुढे इस्पितळात एक माळी आला. दोन्काबद्दल ऐकले होते, हातांवर हुबेहूब तसेच फोड. "रोसेन कापत होतो उन्हात," तो म्हणाला. नेवेना त्या रात्री झोपली नाही. डोंगरातल्या गरिबांची सेवा करायची आहे, असं वरिष्ठांना सांगून तिने आपल्याच गावची नेमणूक मागून घेतली. ते खोटं होतं. तिला लाझोची कातडी सोललेली बघायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुरण पुन्हा भरलं. लाझोने त्सोन्काच्या उघड्या हातावर रोसेनची जुडी खसाखसा चोळली. ती मुळूमुळू रडत होती. नेवेना पुढे झाली आणि स्वतःची जाड शाल तिच्या हाताभोवती घट्ट गुंडाळू लागली.

"काय करतेस, डॉक्टरीणबाई?" लाझो गुरगुरला.

"कापतेय हो ती. आजोबा, समोदिवांना शालीतून दिसत नाही का?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. शालीकडे गेलेला हात लाझोने मागे घेतला.

"आणि आता माझ्या हातालाही चोळा." नेवेनाने बाही वर केली, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध रुमाल बांधला आणि रुमालाच्या वर-खाली रस लावून घेतला. मग वळली. "आता तुमचा हात, आजोबा."

"माझा? मी तर त्यांचा सेवक!"

"म्हणजे तुम्हाला भीती नाही. काढा की मोजे."

"मला देवळात जाऊन प्रार्थना—"

"इथूनच करा. वर आभाळ मोकळं आहे." तिने पेन्को म्हाताऱ्याला खूण केली. त्याला ऐकू आलं नाही, पण गंमत कळली. त्याने लाझोचा मोजा सर्रकन ओढला आणि बायका "चोळ, चोळ!" करू लागल्या. नेवेनाने जुडी उचलली आणि लाझोच्या गोऱ्यापान हातावर हळूहळू, मन लावून चोळली. तो हात सावलीत ओढू बघत होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि उन्हं कलेपर्यंत तिने मनगट सोडलं नाही.

रविवारी देवळाच्या अंगणात लाझो हात बगलेत लपवून आला. पेन्कोने तो ओढून बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत द्राक्षाएवढे फोड!

"समोदिवांनी त्यालाच डागलं!" बायका किंचाळल्या. "हाच पापी! आणि त्सोन्काचा हात बघा, लोण्यासारखा!" लोकांनी काठ्या उचलल्या. "हाकला याला! पाणचक्कीकडे हाकला!"

लाझो नेवेनाच्या पायांशी कोसळला. "पोरी, सांग त्यांना. तुला माहितेय."

हेच तर हवं होतं तिला. फक्त गप्प बसायचं होतं. एक काठी लाझोच्या पाठीवर बसली, दुसरी बसली. नेवेनाला बरं वाटलं, फार बरं वाटलं. मग तिचं लक्ष काठी धरणाऱ्या बाईकडे गेलं. दोन्काला वेशीबाहेर ढकलताना हीच बाई सगळ्यांत पुढे होती, असं नेवेनाने ऐकलं होतं, आणि आजही ती पुढेच होती, चेहरा भक्तीने उजळलेला.

"थांबा!" नेवेनाने बाही वर केली. तिच्या हातावरही फोड होते, वर आणि खाली. मधोमध, रुमालाखाली, कोरी कातडी. "मीही पापी? आणि रुमालाएवढी कातडी मात्र पुण्यवान?"

उगारलेल्या काठ्या खाली आल्या.

"या झाडाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते. कुणाचीही. त्सोन्काचा हात शालीखाली होता, म्हणून वाचला. लाझोला हे ठाऊक आहे, म्हणून तो मोजे घालतो. आणि भडक्याचं म्हणाल, तर फुलातलं तेल उकाड्यात वाफ होऊन फुलाभोवती साचतं. काडी लावली की वाफ पेटते, झाड नाही." तिने त्सोन्काच्या हातात काडेपेटी ठेवली. "संध्याकाळी तूच पेटव, सगळ्यांसमोर."

मग ती लाझोकडे वाकली. "माझ्याकडे मलम आहे. पण आधी बोल. दोन्काचं नाव घेऊन बोल."

"दोन्काने..." लाझोने ओठ चाटले. "दोन्काने काही चोरलं नव्हतं. ग्रोझ्दानच्या मुलाने तो चाप जुगारात घालवला. कुणाचं तरी नाव काढ, म्हणाला ग्रोझ्दान. मी काढलं."

ग्रोझ्दान अंगणातून निघाला. त्याला वाट द्यायला कुणी सरकलं नाही. जिल्ह्याचे पोलीस येईपर्यंत पेन्को फाटकात ठाण मांडून बसला.

नेवेनाने लाझोच्या हाताला मलम लावलं, हळुवार नव्हे. काठीवाली बाई रडत जवळ आली. "आम्हाला काय माहीत ग, पोरी! त्याने फसवलं आम्हाला."

"त्याने फोड आणले, मावशी. वेशीबाहेर तुम्ही काढलंत. तुला मी माफ करणार नाही, आजही नाही आणि पुढेही नाही." नेवेनाने पट्टीची गाठ मारली आणि सगळ्यांकडे वळली. "पण एक करा. पुन्हा कुणी चमत्कार दाखवून एखाद्या बाईकडे बोट केलं, तर आधी तो चमत्कार स्वतःच्या हातावर करून बघा. सावलीत करा, उन्हात करा, झाकून करा. विचारा, का झालं, कसं झालं. विचारायला कुणी डॉक्टर लागत नाही. माझ्या बहिणीसाठी एकाने जरी विचारलं असतं, तर ती आज जिवंत असती."