धुरपदाबाईच्या नावचं पार्सल

अभिमननानांचा ओटा म्हणजे आमच्या गावची चौकशीची खिडकी. सोनगीरच्या फाट्यावर उतरून जो कोणी आत येई, तो आधी नानांच्या ओट्यावर टेके आणि हव्या त्या माणसाचं घर विचारे. नाना नुसतं घर सांगत नसत. त्या माणसाचा आजा कुठून आला, भाऊबंद कोण, सोयरीक कुठे, हे सगळं ऐकवत, आणि ऐकणाऱ्याची सुटका चहा झाल्यावरच होई. अर्धं गाव पाटील, त्यात गल्लीगल्लीत एक रुपचंद आणि एक पुना. नानांवाचून लोकांचं अडायचं हे खरंच होतं. पण माणसाने स्वतःच्या हुशारीवर किती भाळावं? नाना पार भाळले होते.

त्या साली आधार नावाचा नवा पोस्टमन लागला. मेहनती पोरगा, जरा भिडस्त. कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी त्याने सायकल ओट्याला टेकवली आणि पिशवीतून एक खोकं काढलं.

“नाना, धुरपदाबाई चुडामण पाटील कोण हो? लुधियान्याहून व्ही.पी. आलीय, पैसे भरून सोडवायची.”

नाना मोठ्याने हसले. “धुरपदाबाई? भाऊ, ती मन्ही चुलती. तिले मरीसन कितला वरीस व्हई ग्यात! तुमनी व्ही.पी. सरगमा बी जास का?”

ओट्यावरचे दोघेतिघे खो खो हसले. आधारने पुन्हा पत्ता वाचला. “दुसरी कोणी असेल. जरा आठवून बघा ना.”

“आठवानं काय त्यामा? ह्या गावनं बठ्ठं माणूस माले पाठ शे. दुसरी धुरपदाबाई आठे नही. धाडी दे मांगे.”

नानांनी सांगितलं म्हणजे झालं. आधारने खोकं पिशवीत टाकलं आणि तो गेला. नाना त्या विनोदावर दुपारपर्यंत खूश होते. जेवतानाही त्यांनी तो बायकोला पुन्हा ऐकवला. इंदिराबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्या तशाही कमीच बोलायच्या, म्हणून नानांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे काही दिवसांनी शेजारची मंजुळा आली. धुळ्याला डी.एड. करणारी, चुरचुरीत मुलगी. आल्या आल्या तिने विचारलं, “काकू, मशीन उनं का तुमनं?”

“नही उनं,” इंदिराबाई म्हणाल्या. “वाटमाच कोठे गडप व्हयनं व्हई.”

नानांनी कान टवकारले. कसलं मशीन? तेव्हा कळलं ते असं, की पेपरात हातात मावणाऱ्या शिवणयंत्राची जाहिरात आली होती. इंदिराबाईंनी ती कापून डब्यात ठेवली, आणि मंजुळाकडून कूपन भरून घेऊन धाडलं. माहेरी चुलत्याचं शिवणयंत्र होतं, त्यावर त्या लग्नाआधी झबली-टोपडी, चोळ्या सगळं शिवायच्या. लग्नानंतर त्यांनी एकदाच मशीनचं नाव काढलं होतं. तेव्हा नाना म्हणाले होते, गावात शिंपी मेला का? पुढे त्यांनी विषय काढला नाही. गोधड्या हाताने शिवत राहिल्या. आता सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि लेकीचं पहिलं बाळंतपण घरी व्हायचं होतं. नातवंडाचे कपडे त्यांना स्वतः शिवायचे होते, इतकंच.

हे ऐकून नानांना आधी नवल वाटलं, मग थोडं वाईट वाटलं, आणि लगेच राग आला. वाईट वाटलं की राग आणायचा ही त्यांची जुनी खोड. “मन्हा घरनं पार्सल खावानी हिंमत? त्या पोस्टमननी सालडी सोलस मी!”

“राहू द्या,” इंदिराबाई घाईने म्हणाल्या. “मशीनवाचून आजपावत काय अडनं? जाऊ नका.”

पण नानांनी टोपी घातलीसुद्धा.

पोस्टात मनीऑर्डरवाल्यांची गर्दी होती. नानांनी दारातूनच तोंड सोडलं. इंदिराबाई अभिमन पाटील या नावाचं पार्सल कोणी दडपलं, म्हणून जाब विचारला. पोस्टमास्तरांनी सगळं तपासून सांगितलं, की या नावाचं काही आलेलंच नाही. “मंग चोट्टा कोन?” नाना गरजले आणि त्यांनी थेट आधारकडे बोट केलं. “हाऊ नवा उना आन् पार्सलं गडप व्हवाले लागनात!” रांगेतली माणसं वळून आधारकडे बघू लागली. तो पत्रं लावत होता, ती त्याच्या हातातून खाली पडली. त्याची नोकरी अजून कायम झाली नव्हती. पोस्टमास्तर नाइलाजाने म्हणाले, लेखी तक्रार आली तर मला वर कळवावं लागेल, आणि मग याचं काही खरं नाही. नाना म्हणाले, देतोच लेखी.

घरी परतताना त्यांची मान ताठ होती. बायकोसाठी आयुष्यात पहिल्यांदा भांडलो, असं त्यांच्या मनात होतं. वाटेत मंजुळाचं घर लागलं. तक्रार लिहून दे म्हणाले.

मंजुळा कागद घेऊन बसली आणि म्हणाली, “पन नाना, पार्सल इंदिराबाईना नाववर नव्हतं. काकू म्हनन्यात, हाई मन्हं सोतानं शे, मन्हं माहेरनं नाव लिख. धुरपदाबाई चुडामण पाटील.”

नाना उभे होते ते खाटेवर बसले.

लग्नात मुलीचं नाव बदलायची रीतच होती. त्यात नानांच्या घरी धुरपदा नावाची चुलत सासू तेव्हा जिवंत. थोरलीच्या नावाने सुनेला कशी हाक मारायची? म्हणून मांडवातच तिची इंदिरा झाली. आणि चुडामण? चुडामण म्हणजे नानांचे सासरे. त्यांना नाना मामा म्हणत, त्यांचं गाव आबा म्हणे. मामा वारले तेव्हा खांदा दिला होता नानांनी. साऱ्या गावाच्या पिढ्या तोंडपाठ असलेल्या या माणसाच्या डोक्यात सासऱ्याचं नाव उरलं नव्हतं, आणि बायकोचंही.

“तक्रार लिखू ना?” मंजुळाने विचारलं.

“नको,” नाना म्हणाले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांच्याजवळ राग शिल्लक नव्हता.

त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. इंदिराबाईंनी विचारलं, पोस्टात काय झालं? “दखू,” म्हणून त्यांनी विषय टाळला. सांगायचं होतं, पण काय सांगायचं? तुझं पार्सल दारात आलं होतं आणि मी हसत हसत परत धाडलं? ओट्यावर दोन माणसं आली, तर नानांनी त्यांना आज पहिल्यांदाच चहा न पाजता वाटेला लावलं. त्यांना आधारचं तोंड आठवत होतं. पोराने नीट आठवायला सांगितलं होतं, आणि यांनी त्यालाच सगळ्यांदेखत चोर ठरवलं.

सकाळ होताच ते पोस्टात गेले. रांग होतीच. त्या रांगेसमोरच ते बोलले, कारण शिव्याही तिच्यासमोरच दिल्या होत्या. “धुरपदाबाई मन्ही घरवाली शे. चूक मन्ही. ह्या पोऱ्यानी काही चूक नही.” कोणीतरी मागे फिसकन हसलं. नानांनी ते ऐकून घेतलं. आधारचा हात धरून म्हणाले, “भाऊ, माफी दे.” आधार संकोचला. “असं नका म्हणू नाना. कालपासून घास उतरला नव्हता माझ्या घशाखाली, पण आता झालं ना.” त्याने हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं नानांना वाटलं.

पार्सल मात्र धुळ्याला गेलं होतं. नाना तसेच एस.टी. धरून धुळ्याला गेले. तिथल्या माणसाने शोधून सांगितलं, ते लुधियान्याच्या वाटेला लागलं. आता पाठवणाऱ्याकडेच जाणार. नाना खिडकीजवळ पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, तेव्हा मागचा माणूस वैतागला. परतीच्या गाडीत त्यांना जागा मिळाली, पण बसवेना. ही बाई लग्न करून आली तेव्हापासून तिने या घराचं सगळं ओढलं. स्वतःसाठी एक वस्तू मागवली, ती माझ्या तोंडाने गेली.

घरी आले तेव्हा इंदिराबाई अंगणात उजेडाला बसून जुन्या लुगड्याचं दुपटं शिवत होत्या. सुई डोळ्यांशी नेऊन दोरा ओवायचा प्रयत्न चालला होता. नाना समोर पायरीवर बसले आणि एका दमात सगळं बोलून मोकळे झाले. पोस्टमनने नाव विचारलं, आपण हसलो, पोराला चोर म्हटलं, धुळ्यापर्यंत जाऊन आलो, काही बाकी ठेवलं नाही.

इंदिराबाई शांतपणे म्हणाल्या, “माले ठाऊक शे. मी दारमांगेच व्हतू.”

नानांनी चमकून वर पाहिलं. “ऐकं तू? मंग बाहेर काबरं नही उनी?”

“कशी येऊ? चार माणसं हासी ऱ्हायनी व्हती. त्यासना समोर काय सांगू? का हाई धुरपदा मी शे, आन् ह्या मन्हा मालक शेतस?” त्यांनी दुपटं मांडीवर ठेवलं. “तुमनी लाज जाती. मशीननं काय एवढं!”

नानांनी मान खाली घातली. आपली अब्रू वाचवायला ही दाराआड गप्प उभी राहिली, आणि आपण दुपारी तोच विनोद तिला भाकरीबरोबर पुन्हा ऐकवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी टोपीने पुसलं.

“दुसरं मंगाडू,” ते म्हणाले. “आजच कूपन भरस. तुन्हाच नाववर. धुरपदाबाई चुडामण पाटील.”

इंदिराबाईंनी सुई आणि दोरा त्यांच्या हातात दिला.

“ओवी द्या,” त्या म्हणाल्या. “आन् मशीन इंदिराबाईना नाववर मंगाडा. ती तरी जित्ती शे.”