पकडून नेलेले खलाशी

"मॅडम, लढाईचं मेन कारण कोनतं लिवाचं?" खुशबूनं विचारलं आणि कमलिनीचा मार्कर फळ्यावरच थांबला. खुर्सीपार वस्तीतली ही पोरगी तेवढी वर्गात तिच्याशी मराठीत बोलायची. बाकी या हिंदी मुलखात सगळा कारभार हिंदीत.

नेहरू नगरच्या त्या कोचिंग क्लासमध्ये आज १८१२चं युद्ध होतं. अमेरिका नवखी, इंग्लंडचं आरमार दांडगं. इंग्रज भर समुद्रात अमेरिकी जहाजं अडवायचे आणि खलाशी उचलून न्यायचे. दरवर्षी कमलिनी हे घडाघडा सांगायची. आज 'जहाजं अडवायचे' म्हणताना तिची नजर टेबलावरच्या फोनकडे गेली.

तिचा अंकुर मालवाहू जहाजावर होता. ते जहाज बंदूकवाल्यांनी अडवलं, एवढंच परवा कंपनीनं कळवलं होतं. नवरा तेजराम घरी फोनला चिकटून बसला होता. घरात वेड लागेल म्हणून ही क्लासला आली खरी, पण भीती कसली घरी थांबते! ऑटोत तीही शेजारी बसून आली.

तेजरामला पोरगा इथल्या पोलादाच्या प्लांटमध्येच हवा होता. भट्टीचा धसका घेऊन हिनंच हट्टानं त्याला समुद्रावर धाडलं. पाण्यावर तरी पोरगं भाजणार नाही, म्हणायची.

टेबलावरचा फोन थरथरला. ती बाहेर धावली.

"जहाज सोडलं म्हनतेत," तेजराम म्हणाला.

"अन् अंकुर?"

"चौघायले ठेवून घेतलं. आपला त्याच्यातच हाये." पलीकडे किल्ल्या वाजल्या. "मी येतो तुले घ्याले."

"नका येऊ. फोनपासून हटू नका तुमी."

भिंतीला धरून ती वर्गात परतली. परिणाम लिहायचे राहिले होते. तह झाला, तिनं लिहिलं. जिंकलेला मुलूख ज्याचा त्याला परत मिळाला, तेही लिहिलं.

"अन् मॅडम, ते पकडून नेलेले खलाशी?" खुशबूनं विचारलं. "ते वापस आले का?"

तहात त्यांच्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. हे उत्तर कमलिनीला तोंडपाठ होतं, दरवर्षी ती ते सांगून पुढच्या धड्याकडे वळायची. आज मात्र ती फळ्याकडे वळली. तिनं सगळ्यात खाली 'खलाशी' एवढंच लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली.

पोरांनी वहीत तसंच उतरवून घेतलं.