ब्रदर डेल्मरच्या घोंगड्याखाली

बसा जरा निवांत. माणसं बर्फातून घसरगाडीवर कॉम्प्युटर ओढत नेताना तुम्ही कधी बघितलीत? आम्ही बघितलीत. लहान पोराला गुंडाळावं तसे रजईत गुंडाळलेले डबे, वर दोरी, आणि ओढणारी माणसं कशी, तर चांगली जाणती सुतार. अर्धं सूत माप चुकलं तर रात्रभर झोप न लागणारी. येडी नव्हती, तरी फसली. कशी फसली ते सांगतो, पण मधे उठायचं नाही.

आमच्या टॅमरॅकमधली खाण बंद पडली, तेव्हापासून गाव तळ्याकाठच्या पाहुण्यांवर जगतं. शिकागोकडून माणसं येतात, कुणी केबिन मागतं, कुणी स्वयंपाकघर, कुणी सौना, म्हणजे घाम काढायची वाफेची खोली. आणि हल्ली त्यांना कागद दाखवून चालत नाही. स्क्रीनवर घर उभं करा, आतून फिरवून आणा, सकाळचं ऊन ओट्यावर कसं पडेल ते दाखवा, असं म्हणतात. म्हणून आमच्याकडं करवतीच्या शेजारी कॉम्प्युटर असतोच. त्या वर्षी घरं काढायचा तो प्रोग्राम नवा आला, आणि त्याला चित्र ओढायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागायला लागलं. सगळ्यांनी शहरातून कार्ड बसवून आणलं. घरी आणून चालू केलं, तर स्क्रीनवरचं घर अडखळत, धक्के खात फिरायचं, आणि मधेच थिजायचं. गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि स्वयंपाकघर अर्ध्यावर लटकलेलं.

अशा वेळी ब्रदर डेल्मर आला. दक्षिणेकडून कुठून तरी, चर्चमधल्या बाबासारखं नाव लावून. दर शनिवारी जुन्या खाणकामगारांच्या हॉलमध्ये बसायचा. टेबलावर त्याची स्वतःची मोठी स्क्रीन. तुमचा डबा टेबलावर ठेवायचा, त्यावर तो करड्या रंगाचं घोंगडं टाकायचा, दोन्ही हात आत घालायचा, डोळे मिटून हुं हुं करायचा. मिनिटभरानं म्हणायचा, आता फिरवा. आणि घर फिरायचं. नुसतं फिरायचं नाही, पाण्यावरून होडी जावी तसं फिरायचं. खिडकीतून ऊन यायचं, सावल्या सरकायच्या. हॉलमधली माणसं टोप्या काढून हातात धरायची.

त्या रांगेत हेल्मी नीमेला उभी असायची. तिचं काम काय होतं ते आधी ऐका, कारण तिचं काम गिऱ्हाइकाचं नव्हतं.

हेल्मी आणि तिचा नवरा आर्वो, दोघं मिळून स्वयंपाकघरं करायचे. ती नकाशे काढायची, तो कपाटं बनवायचा. कार्ड घरी आलं त्याच आठवड्यात आर्वो त्यांच्या गोठ्याएवढ्या वर्कशॉपमध्ये कोसळला. अर्ध्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पण आता चाकाची खुर्ची. हॉस्पिटलमधली बाई म्हणाली, घरी सोडते, पण आधी घराचा नकाशा पाठवा. दारं किती रुंद करणार, उतार कुठं, न्हाणीत खुर्ची वळते का, हे मला दिसलं पाहिजे. फेब्रुवारी संपेपर्यंत नकाशा आला नाही, तर त्याला कायमच्या वॉर्डात हलवावं लागेल. तो वॉर्ड पाच तासांवर. एकदा तिथं गेला की परत यायला नवी यादी, नवे कागद.

हेल्मीच्या घराची सगळी मापं त्याच प्रोग्राममध्ये. न्हाणी उघडली की स्क्रीन थिजायची. ती तासन्‌तास समोर बसून राहायची. अर्धी न्हाणी, बेसिन नाही, दार नाही, आणि त्या दारातून तिला नवऱ्याला आत आणायचं होतं.

पहिल्या शनिवारी डेल्मरनं घोंगडं टाकलं, हुं हुं केलं, आणि तिची न्हाणी झर्रकन उभी राहिली. हेल्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथंच बसून काम उरकते म्हणाली, तर डेल्मर म्हणाला मागं रांग आहे. डबा घरी नेला, वायरी जोडल्या, आणि पुन्हा तेच. थिजलं.

दुसऱ्या शनिवारी डेल्मरनं तिचं कार्ड बाहेर काढून तळहातावर तोललं. जन्ममहिना विचारला. नोव्हेंबर म्हटल्यावर चुकचुकला. हे कार्ड उन्हाळ्यातल्या माणसाचं आहे म्हणाला, आणि स्वतःच्या पेटीतून दुप्पट मोठं कार्ड काढून तिच्या गळ्यात मारलं. वर तांब्याची एक पत्री, डब्याखाली ठेवायला. हॉलमध्ये पुन्हा चमत्कार, घरी पुन्हा थिजलं.

तिसऱ्या शनिवारी तिनं सरळ विचारलं. बाई मुळात बोलायची कमी, पण विचारलं, की तुझ्याकडं चालतं ते माझ्याकडं का चालत नाही.

डेल्मरनं तिचा हात हातात घेतला. "सिस्टर, मी कार्ड बरं करतो. घर बरं करणं माझ्या हातात नाही. कार्डाला कळतं. ज्या आठवड्यात ते घरात आलं, त्याच आठवड्यात मालक पडला, हो ना? तुझ्या घरातली वीज त्याला शोधत फिरते. ती कार्डापाशी थांबेल कशी?"

बघा हं, त्याला हे कुणी सांगितलं होतं? रांगेतल्या दहाजणांनी. पण हेल्मीला वाटलं त्यानं आतलं ओळखलं. मग त्यानं पथ्य सांगितलं. कार्ड आहे त्या घरात कॉफी करायची नाही, वाफेनं वीज बिथरते. आता आमच्यातली फिनिश माणसं, मूळची फिनलंडची, कॉफीवरच जगणारी, ती कॉफी सोडतील हे तुम्ही ऐकलंय का कधी? हेल्मीनं सोडली. कॉफीचा डबा शेगडीजवळून काढून माळ्यावर ठेवला.

रूडी पेरोन म्हणून एक सुतार होता, त्याचंही असंच घरी थिजायचं. त्याला डेल्मरनं बायकोशी भांडू नको म्हणून सांगितलं. रूडी म्हणायचा, "आठवडाभर एक शब्द बोललो नाही तिच्याशी. आता ती विचारते, बाहेर कुणी आहे का." हसतात लोक. पण तोही पुढच्या शनिवारी डबा घेऊन हजर.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. नकाशा गेला नव्हता, आणि सकाळी हॉस्पिटलची गाडी आर्वोला त्या पाच तासांवरच्या वॉर्डाकडं घेऊन गेली. हेल्मी गाडीमागं रस्त्यापर्यंत गेली. तिला करण्यासारखं काही नव्हतं. गाडीचं दार लागेपर्यंत तिनं त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं, एवढंच.

रविवारी ट्रेम्बाथ मास्तर तिच्याकडं आले. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत नकाशे काढायला शिकवलं. गावातला प्रत्येक सुतार त्यांच्या हाताखालून गेलेला, आणि प्रत्येकजण अजून त्यांना भितो. डेल्मरकडं जातो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिकलेलं विसरलात का म्हणतील, ही लाज. आमच्याकडं मदत मागायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मास्तर टेबलाशी बसले. हेल्मीनं पाण्याचा ग्लास पुढं ठेवला. मास्तरांनी ग्लासाकडं बघितलं, शेगडीकडं बघितलं. आमच्या गावात फिनिश घरात माणूस बसलं आणि कॉफी आली नाही, तर घरात कुणी गेलं असं समजतात.

"आर्वो?" मास्तरांनी हळूच विचारलं.

जिवंत आहे म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. कार्ड, पत्री, कॉफी, शोधत फिरणारी वीज, सगळं सांगितलं. शेवटी मास्तर म्हणाले, मला डब्याची मागची बाजू दाखव.

आता नीट ऐका, हीच सगळी मेख आहे. डब्याच्या मागं स्क्रीनची वायर घालायला दोन जागा असतात. एक वरची, डब्याची स्वतःची, जुनी. आणि एक खालची, नव्या कार्डाची. वायर वरच्या जागेत घातली की चित्र दिसतं, पण ते डब्यातल्या त्या जुन्या मरतुकड्या चिपेनं काढलेलं. खाली शेकडो डॉलरचं कार्ड हातावर हात ठेवून बसलेलं. वायर खालच्या जागेत घातली, की कार्ड कामाला लागतं. घोंगड्याखाली डेल्मर एवढंच करायचा, आपल्या स्क्रीनची वायर खालच्या जागेत घालायचा.

मग सगळं गाव वर का घालायचं? आमची खोड. एकदा वादळानंतर वीज परत आली ती एवढ्या जोरानं आली, की अर्ध्या गावाचे टीव्ही जळाले. तेव्हापासून बर्फाचं वादळ आलं की आम्ही सगळ्या वायरी उपटतो. भिंतीतून तर उपटतोच, मागूनही उपटतो. वीज आली की परत जोडतो, आणि हात सवयीनं जुन्याच जागी जातो. शहरातल्या दुकानानं नीट जोडून दिलेलं आम्ही पहिल्याच वादळात बिघडवलं.

आणि हेल्मीच्या डब्यावर तर वरच्या जागेभोवती लाल रंगाचं गोल होतं. नेलपॉलिशचं. आर्वोनं काढलेलं, सात-आठ वर्षांपूर्वी, कार्ड नव्हतं तेव्हा. त्याला गिऱ्हाइकाकडं जावं लागलं आणि मागं वादळ आलं, तर हेल्मीला अंधारात चाचपडायला नको म्हणून. तिनं दर वेळी बॅटरी धरून ते लाल गोल शोधलं होतं आणि बरोबर तिथंच वायर घातली होती.

मास्तरांनी वायर काढली, एक वीत खाली घातली. न्हाणी उभी राहिली. बेसिन, दार, खुर्ची वळायची जागा, सगळं.

हेल्मीनं त्या लाल गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी चुकीचं केलं नव्हतं. आर्वोनं सांगितलं तसंच केलं."

"हो. आणि हे त्याला सांगू नकोस," मास्तर म्हणाले.

सोमवारी मास्तरांनी हॉस्पिटलच्या बाईला फोन केला. बाई म्हणाली, आम्हाला स्क्रीनवरचंच घर हवं असं कुठं होतं? पेन्सिलीनं मापं घालून दिली असती तरी मी सही केली असती. हेल्मीनं विचारलंच नव्हतं, आणि आम्हीही तिला विचारलं नव्हतं. मास्तरांनी फोन ठेवला. पेन्सिलीचा तो नकाशा म्हणजे त्यांचं एक तासाचं काम होतं. आणि ते हेल्मीपासून चार घरं सोडून राहतात.

पुढच्या शनिवारी मास्तर हेल्मीचा डबा घेऊन हॉलमध्ये गेले. हेल्मी बरोबर. रांग थांबली. मास्तरांनी डेल्मरला सांगितलं, हा बरा कर, पण घोंगड्याशिवाय.

डेल्मर हसला. उघड्यावर शक्ती टिकत नाही म्हणाला, हवेतल्या शंकेनं ती विरते.

"मग तू बस," मास्तर म्हणाले. "मला शंका भरपूर आहे, तरी बघू टिकते का." त्यांनी डब्याची पाठ लोकांकडं केली. डेल्मरच्या स्क्रीनची वायर वर घातली. घर थिजलं. खाली घातली. घर फिरलं. मग हेल्मीला बोलावून तिच्या हातानं करायला लावलं, मग रूडीच्या हातानं. वर थिजायचं, खाली फिरायचं. ना हुं हुं, ना तांबं, ना जन्ममहिना.

मग मास्तरांनी कार्ड निवडायचंही सांगून टाकलं, वर्गात सांगायचे तसंच. प्रोग्रामच्या कागदावर लिहिलेलं असतं, कार्डात किमान किती मेमरी पाहिजे. ते वाचा. डब्याचा वीजपुरवठा तेवढं कार्ड पेलतो का ते बघा. आणि टेप घेऊन मोजा, कार्ड आत मावतं का. मोजायला तुम्हाला मी शिकवलंय. हेल्मीचं पहिलं कार्ड पुरेसं होतं. दुसरं उगीचच.

रूडी खाली बघत म्हणाला, "मास्तर, बायकोला आता काय सांगू?"

डेल्मर काही रंगेहाथ पकडल्यासारखा पळाला नाही, तसं तुम्हाला वाटत असेल तर. तो शांतपणे म्हणाला, वायर हे नुसतं शरीर आहे, मी आत्म्याचं काम करतो. आणि सांगायला लाज वाटते, त्याही दिवशी तिघांनी पत्र्या घेतल्या. पुढच्या शनिवारी तो आला नाही. दुसऱ्या कुठल्या गावात गेला असेल. त्याला पोसणारी गावं कमी नाहीत. आमच्याकडं तांब्याच्या पत्र्या अजून डब्यांखाली आहेत. काढा म्हटलं तर म्हणतात, असू दे, कुठं खायला मागते.

हेल्मीचा नकाशा गेला. गावच्या सुतारांनी एका शनिवारात दारासमोर लाकडी उतार बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. पण नव्या ठिकाणची बाई वेगळी, तिची यादी वेगळी. उन्हाळ्यात बघू म्हणते. हेल्मी दर रविवारी पाच तास गाडी चालवते. आर्वोला एकच शब्द येतो आता नीट. 'कधी.' ती खुर्ची खिडकीपाशी नेते आणि त्याला सांगते की न्हाणीचं दार आता केवढं रुंद झालंय. त्यानं काढलेल्या त्या लाल गोलामुळंच सगळं अडलं होतं, हे तिनं त्याला अजून सांगितलेलं नाही.

मी तिला एकदा विचारलं, डेल्मरचा राग येतो का. म्हणाली, त्याचा येतो, पण त्याहून जास्त त्या वाक्याचा येतो. घरातली वीज त्याला शोधत फिरते. अजून कधी दिवा लुकलुकला की ते वाक्य आठवतं, आणि क्षणभर खरंच वाटतं.

तेव्हा माझं एक काम करा. कुणी तुमची वस्तू, तुमचा कॉम्प्युटर, तुमचं माणूस, झाकून बरं करून दिलं, तर घरी नेण्याआधी त्याला एवढंच विचारा: तू काय केलंस, ते मला करून दाखव. जो खरं काम करतो तो दाखवतो, त्याला उलट बरं वाटतं. जो चिडतो, किंवा तुमच्या दुःखाकडं बोट दाखवतो, त्याच्यापुढून वस्तू उचला आणि उठा. आणि आज घरी जाताना जरा वाट वाकडी करा. तुमच्या गल्लीत कुणीतरी असेल, जो मदत मागायला लाजतोय. त्याच्याकडं जा आणि त्यानं मागायच्या आधी तुम्हीच विचारा.