दोन्ही बाह्या उजव्या

दवाखान्यातून फोन आला तेव्हा शिंपी बायकोनेच कापून ठेवलेला शर्ट शिवत होता. वीस वर्षं कापड ती बेतायची आणि शिवायचा तो. ती गेल्यावर महिनाभर त्याने कात्रीला हात लावला नाही. सोमवारी शाळा उघडणार होती आणि बारा गणवेशांचं कापड तसंच पडून होतं.

मेहुणी म्हणाली, "भावोजी, ताई येऊन कापेल म्हणून वाट बघताय का?"

ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने खडूने खुणा केल्या आणि कात्री चालवली. दोन्ही बाह्या उजव्याच निघाल्या.

"अगंबाई!" मेहुणीला हसू फुटलं आणि लगेच रडूही.

त्याने डोळे पुसून कापड पुन्हा पसरलं. एक डावी बाही आणि अकरा गणवेश अजून कापायचे आहेत.