इस्त्रीचा शर्ट आणि ओला एप्रन

सुज्ञ वाचकहो, अमेरिकेतील टोलेडो शहरातील एका श्वान-पाळणाघराचा कालचा नोकर आणि आजचा मालक असलेला मी, एका वृद्ध कुत्र्यावर माझ्या हातून झालेल्या अन्यायाची हकीकत प्रस्तुत लेखात यथाशक्ती कथन करणार आहे. ओघाने माझ्या उत्कर्षाचाही उल्लेख येईल. तो कौतुकासाठी नसून, त्यावाचून पुढील दुःखाचा उलगडा होणार नाही म्हणून केला आहे.

माझे शिक्षण दहावीतच खुंटले. अनेक किरकोळ कामे केल्यावर मी लॉर्नाबाईंच्या पाळणाघरात लागलो. लोक कामावर जाताना आपली कुत्री तेथे सोडत आणि संध्याकाळी नेत. नाव व नियमावली एका मोठ्या कंपनीची, दुकान मात्र बाईंचे, अशी ती फ्रँचायझी होती. मागील खोलीतील टबाशी उभे राहून मी चौदा वर्षे कुत्र्यांना आंघोळी घातल्या.

त्यांपैकी एक पिकल. तांबूस रंगाचा, लांब कानांचा, म्हातारपणी दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध झालेला स्पॅनियल जातीचा कुत्रा. त्याचे धनी मिस्टर ऑर्विल टॅन्सी हे काचकारखान्यातून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. सोमवार, बुधवार व शुक्रवार असे तीन दिवस रुग्णालयातील यंत्रावर त्यांचे रक्त शुद्ध करीत, आणि ते तीन दिवस पिकल आमच्याकडे असे. पिकलला घरी एकटे ठेवल्यास तो भिंतींवर डोके आपटून घेई.

अंध कुत्र्याला हात लावण्याची माझी एक रीत होती. आधी ओल्या एप्रनचे टोक त्याच्या नाकाशी धरायचे. ओटचा शाम्पू, ओले केस आणि माझा घाम यांचा तो वास आला की पिकल स्वतःहून पंजा पुढे करी. त्याच्या लेखी तो एप्रन म्हणजेच मी होतो.

गेल्या शरद ऋतूत लॉर्नाबाईंनी निवृत्त होताना दुकान मला देऊ केले. कंपनीने तीन आठवडे शिकवून मला मान्यता दिली. छातीवर नाव शिवलेला निळा, इस्त्रीचा शर्ट मिळाला. मालकाने पुढील काउंटरवर उभे राहावे, टबाशी नव्हे, असा नियम होता. जुने एप्रन गाठोडे बांधून धुलाईला गेले. मला त्याचे काहीच वाटले नाही. उलट, मी आरशात दोनदा पाहिले.

मिस्टर टॅन्सींनी मला पाहताच शीळ घातली. "अरे वा, पोरा! चौदा वर्षं कुत्री धुतलीस, शेवटी स्वतःच धुऊन निघालास की! आता डेलबर्ट म्हणायचं का साहेब?"

"काहीही म्हणा. टीप तेवढी चालू ठेवा."

"मालकाला कुठली आलीय टीप? नोकर होतास तेच फायद्याचं होतं म्हण!"

जानेवारीतील एका शुक्रवारी कंपनीच्या तपासनीस मिस गॅरिटी आल्या. मालकीचे पहिले वर्ष परीक्षेचे असते, आणि त्यात चावा दडवल्याचे उघड झाल्यास करार रद्द होतो. रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून टाकलेले मीठ कुत्र्यांच्या पंजांत रुतले होते. टबाशी गर्दी होती. मालकही काम करतो हे तपासनीसबाईंना दिसावे, या हौसेने मी वाकलो आणि पिकलचा मागचा पंजा उचलला. आवाज दिला नाही. नाकाशी काही धरले नाही.

तो मला चावला.

ज्याच्या दाताने नोकराचे वा मालकाचे रक्त निघेल, त्या कुत्र्याला कंपनीच्या कोणत्याही दुकानात पुन्हा प्रवेश नाही. हा नियम त्याच सकाळी मीच सर्वांना मोठ्याने वाचून दाखविला होता.

"रक्त आलं का?" मिस गॅरिटींनी विचारले.

"थोडंसं. चूक माझीच हो. आंधळा आहे तो."

"ते दिसतंय मला, मिस्टर क्रूपा." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी अजून काही लिहिलेलं नाही. मालक तुम्ही आहात. चाव्याचा फॉर्म तुम्ही भरायचा."

एवढे बोलून त्या खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. आज मला वाटते, त्यांनी मला वाट करून दिली होती. तेव्हा मला ती परीक्षा वाटली. मी फॉर्म भरला, सुवाच्य अक्षरात.

संध्याकाळी मिस्टर टॅन्सी हसू लागले. "तुला चावला? तुला? बरोबरच आहे! वास घे की स्वतःचा. दुकानातून आत्ता आणल्यासारखा येतोय."

मग मी नियम सांगितला. त्यांचे हसू ओसरले.

"सोमवारी मशीन आहे माझं," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"मग?"

मी राहतो त्या इमारतीत कुत्री पाळण्यास मनाई आहे. इतर दोन पाळणाघरांत मी फोन केले. अंध कुत्रा कोणी घेईना. सोमवारी मिस्टर टॅन्सी यंत्रावर गेलेच नाहीत. बुधवारी त्यांचे पाय सुजले, श्वास लागला. अखेरीस दूर ओमाहाहून त्यांची पुतणी आली आणि पिकलला घेऊन गेली.

पाच दिवसांनी मिस्टर टॅन्सींचा फोन आला. "पोरा, खात नाहीये रे तो. दाराशी पडून असतो, पुतणी म्हणते. तुझा तो जुना एप्रन आहे का? न धुतलेला?"

"पाठवतो," मी म्हणालो. खरे सांगण्याचे धैर्य झाले नाही. धुलाईहून परतलेले एप्रन मी एकेक करून नाकाशी धरले. सर्वांना साबणाचा वास होता.

शनिवारी मी शर्ट काढून ठेवला, एप्रन बांधला आणि सकाळपासून नऊ कुत्र्यांना न्हाऊ घातले. तो ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मी टपालाने रवाना केला. पिकल सोमवारी गेला. पार्सल मंगळवारी पोहोचले.

पुढच्या आठवड्यात मिस्टर टॅन्सी स्वतः ती पिशवी घेऊन आले. गाठ तशीच होती.

"परत पाठवला तिनं. तुझा आहे."

"मिस्टर टॅन्सी, मी..."

"तू तुझं काम केलंस, साहेब."

त्यांनी मला पुन्हा 'पोरा' म्हटले नाही. आता रुग्णालयाची गाडी त्यांना नेते. आठवड्यातून तीनदा ती आमच्या दुकानासमोरील सिग्नलला थांबते. मी हात उंचावतो. ते समोर पाहत बसतात. पिशवी काउंटरच्या खणात आहे. तिची गाठ मी अद्याप सोडलेली नाही.

हे लिखाण आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
डेलबर्ट क्रूपा